दडीमार पक्ष्यातील माझा निम्मा हिस्सा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण सातवी (नापास नव्हे, सोडली), धंदा पाहुण्यांना पक्षी दाखवणे, असे लिहून ठेवतो की हा कागद मी माझ्या मर्जीने लिहीत आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. दवाखान्यातल्या कंपाउंडरने आज सकाळी मला वार, माझे वय आणि मुलगी काय काम करते ते विचारले; तिन्ही उत्तरे बरोबर आली. छातीलाही नळी लावून पाहिली. मग ती कानातून काढून बराच वेळ गुंडाळत बसला. माझे नाव वरच्या शिक्क्याच्या कागदावर वकिलाच्या कारकुनाने घातलेच आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. दोनदा लिहिले आणि एखादी वेलांटी चुकली तर दोन माणसे होतील, आणि मग भांडत बसा.

याआधी मी दोन मृत्युपत्रे लिहिली होती. एक वाळवीने खाल्ले, दुसरे मी स्वतः फाडले. दोन्ही रद्द समजावीत. फाडलेल्याचे तुकडे कोणाला सापडले तर ते जुळवत बसू नये.

कलम पहिले : घर. तीन खोल्या, पुढची पडवी, पत्र्याचे छप्पर आणि मागचे परस हे सगळे माझ्या बायकोचे. मागच्या दाराची कडी आधी वर उचलून मग डावीकडे सरकवावी लागते. हे तिला चाळीस वर्षे माहीत आहे, तरी लिहून ठेवतो, कारण दार लागले की नाही हे पाहायला उठणारा माणूस आता नसेल. हे लिहीत असतानाच मी दोनदा जाऊन पाहून आलो. लागलेले आहे. ती आतून ओरडली, "अहो, चौथ्यांदा उठलात! मृत्युपत्र लिहिताय की खुर्चीला मुंग्या लागल्यात?" दोनदाच उठलो होतो. तिची मोजायची ही सवय जुनी आहे, तिच्यावर दावा नाही.

परसातला उंबर तोडू नये. त्यावर तांबट येतात आणि दिवसभर टुकटुक करून तिचे डोके उठवतात, हे मान्य. तरी तोडू नये.

कलम दुसरे : बँकेतली शिल्लक बायकोची, तिच्यानंतर मुलीची. एवढेच. यात वाढवण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे : वह्या. त्रेचाळीस आहेत, लोखंडी पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून. त्या मुलीला. ती मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे, डॉक्टरांचे अक्षर वाचते, माझेही वाचेल. प्रत्येक पानावर तारीख, पाऊस होता का ऊन, जागा, पक्षी, किती, आणि पाहिला की फक्त ऐकला. पाहिला असेल तर टिंब, ऐकला असेल तर आडवी रेघ. ~~न पाहिलेला, न ऐकलेला पक्षी मी जन्मात लिहिला नाही.~~ हे वाक्य मी खोडले आहे. का खोडले ते पुढे येईल. वह्या रद्दीत देऊ नयेत. निदान अडतिसाव्यापासून पुढच्या तरी देऊ नयेत.

कलम चौथे : दुर्बीण माझ्या मेहुण्याला. रद्द. दुर्बीण मुलीला. हेही रद्द, तिला वेळ कुठे आहे? दुर्बीण मेहुण्यालाच, कायम. उजव्या भिंगात बुरशी धरली आहे, तांदळाच्या डब्यात ठेवूनही गेली नाही. डाव्या डोळ्याने पाहावे. तिपाईवरची मोठी दुर्बीण, जळवांसाठीचे लांब मोजे चार जोड आणि आत बसून पक्षी पाहायचे गोणपाटाचे लपण हेही त्यालाच. लपणाला दोन भोके उंचीला चुकलेली आहेत. ती माझ्या उंचीची आहेत. त्याने आपली पाडून घ्यावीत.

इथे एक खुलासा. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला काही मिळणार म्हणून साक्षीदाराच्या जागी त्याची सही चालत नाही, असे कारकुनाने बजावले आहे. म्हणून साक्षीला कंपाउंडर आणि गावातला शिंपी बोलावले आहेत. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो फुगला.

"म्हणजे शिंपी घरात आणि मी पडवीत?"

"अरे, तुला काहीतरी मिळणार आहे म्हणून."

"काय मिळणार? ती बुरसटलेली दुर्बीण? दाजी, ती मला द्या नाहीतर चुलीत घाला, पण मला बाहेर बसवू नका."

तरी आत्ता तो पडवीतच बसला आहे. खुर्ची करकरते आहे, म्हणजे अजून फुगलेलाच आहे.

कलम पाचवे : मनात धरलेल्या गोष्टी. माझ्या डोक्यात दोनच आहेत, बाकीच्या विसरलो.

पहिली, पाटी. तेवीस वर्षांपूर्वी मेहुण्याने बसथांब्यावर पाटी लावली : 'मूळ व जुने पक्षीदर्शन'. झाडाच्या खोडाकडे कसे पाहायचे इथपासून शीळ कशी घालायची इथपर्यंत सगळे मी शिकवलेले, आणि मूळ व जुना हा! आम्ही चार वर्षे बोललो नाही. एकाच पंगतीला बसलो तरी बायकोमार्फत. "तुझ्या भावाला सांग, मीठ सरकव." "ताई, त्यांना सांग, मीठ त्यांच्याच पुढ्यात आहे." ती बिचारी दोघांच्या मधोमध बसून जेवायची आणि तिचे स्वतःचे गार व्हायचे. ती पाटी मी माफ केली आहे. पाटीवरची 'जुने' ही अक्षरे मात्र पुन्हा रंगवू नयेत, उडाली आहेत ती उडू द्यावीत.

दुसरी, खडीवाला. त्याला दरीचा पलीकडचा कातळ फोडून खडी काढायची होती. परवानगीचा कागद जवळजवळ झाला होता. त्याला माफ केलेले नाही. तो मला पोचवायला आला तर येऊ द्यावे, पण दरीकडे तोंड करून उभे राहू देऊ नये. तो डोळ्यांनीच माप घेतो.

इथपर्यंत मुलीने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. पुढची पाने दुमडून टाचणी लावली आहे. ती तिने एकटीने वाचावीत आणि मेहुण्याला दुसऱ्या दिवशी पहाटे, एकट्याने, पाहुणे न घेता, दरीपलीकडच्या त्याच्या नेहमीच्या कातळावर पाठवावे. तिथे काय करायचे ते सातव्या कलमात आहे, तेवढे तिने त्याला तोंडी सांगावे. तो परत आला की मगच त्याला सहावे आणि सातवे वाचून दाखवावे. आधी नाही. मुली, तुला तुझ्या मामाचा स्वभाव माहीत आहे, तो टाचणी काढायला बघेल.

कलम सहावे : दडीमार.

आमच्या दरीत, ओढ्याच्या काठच्या दाट झुडपात एक लहान तपकिरी पक्षी असतो असे जुने लोक सांगायचे. जमिनीवरून चालतो, दिसत कोणालाच नाही, म्हणून त्याला दडीमार म्हणतात. पुस्तकात त्याचे नाव लांबलचक आहे, ते मला नीट म्हणता येत नाही. माझा मामा लाकूडतोड्या होता. त्याने तरुणपणी तो ऐकला होता आणि त्याची शीळ मला शिकवली : चढत जाणारे तीन सूर, थोडे थांबून चौथा खाली उतरणारा. ती मी मेहुण्याला शिकवली. आम्ही दोघे वर्षानुवर्षे घालायचो, उत्तर कधी आले नाही. पक्ष्यांची यादी ठेवणाऱ्या कार्यालयातही दरीच्या नावापुढे हा पक्षी नव्हता.

मग एकोणीस वर्षांपूर्वीची ती सकाळ. अबोल्याचे चौथे वर्ष. धुके इतके की स्वतःचे पाय दिसत नव्हते. माझ्याबरोबर एक निवृत्त डॉक्टरीणबाई होत्या, कानाला मोठे भोंगे लावून आवाज टेपवर भरून घ्यायच्या, त्यांना आम्ही कानवाल्या बाई म्हणायचो. मी दरीच्या अलीकडच्या काठावरून शीळ घातली. आणि पलीकडून उत्तर आले. चार सूर, स्वच्छ. बाईंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. मी पुन्हा घातली, पुन्हा उत्तर. असे पाऊण तास चालले. 

त्याच संध्याकाळी चार वर्षांत पहिल्यांदा मेहुणा माझ्या दारात उभा राहिला. बायकोकडे न बघता थेट मला म्हणाला, "दाजी, आज दरीत मी दडीमार ऐकला. पाऊण तास बोलला माझ्याशी."

"तूही ऐकलास? कुठून?"

"मी पलीकडच्या कातळावर होतो. तो तुमच्या बाजूला होता."

"छे, छे. तो तुझ्या बाजूला होता."

 मग तोच म्हणाला, "दाजी! जोडी आहे!"

बायको आत गेली आणि चहा ठेवता ठेवता रडली. पक्ष्यासाठी नव्हे.

दोन माणसे, एकमेकांशी न बोलणारी, दरीच्या दोन बाजूंनी, एकाच वेळी, तोच पक्षी सांगतात, म्हणजे संगनमत शक्य नाही, असे यादीच्या कार्यालयाने लिहिले. आमचे भांडण हाच सर्वांत मोठा पुरावा ठरला. दडीमार दरीचा दोनशे सत्त्याऐंशीवा पक्षी म्हणून नोंदला गेला, नर अलीकडे, मादी पलीकडे. त्या नोंदीमुळे खडीवाल्याचा कागद नामंजूर झाला. दरीच्या तोंडाशी पाटी लागली, तिच्यावर पक्ष्याचे चित्र. न पाहिलेल्या पक्ष्याचे चित्र काढणाऱ्याने त्याला जरा माझ्या मेहुण्यासारखे पोट काढले आहे, पण ते असो.

आता ज्याच्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते. मध्येच उठून पाणी पिऊन आलो.

अकरा वर्षांपूर्वी एका पाहुण्याने मला मोबाइलवर दुसऱ्या मुलुखातल्या दडीमाराचा आवाज ऐकवला. तीन सूर, आणि गप्प. मी म्हटले, हे अर्धेच आहे, पुढचे कापले गेले. तो म्हणाला, आजोबा, सगळीकडे तीनच असतात, चार फक्त तुमच्या दरीत. मला त्या दिवशी जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी मी मामीकडे गेलो, तेव्हा ती जिवंत होती, दात नव्हते पण कान शाबूत. तिला शीळ घालून दाखवली आणि विचारले, मामा अशीच घालायचा ना? ती हसली. म्हणाली, "पहिले तीन पाखराचे. शेवटचा कुत्र्याचा. शीळ संपली की तो कुत्र्याला बोलवायचा."

चौथा सूर माझ्या मामाच्या कुत्र्याचा आहे.

म्हणजे त्या धुक्यात पलीकडून जो पक्षी चार सूर काढत होता, त्याला ते सूर मी शिकवले होते. तो माझा मेहुणा होता. आणि त्याला उत्तर देणारा पक्षी मी. पाऊण तास आम्ही दोघे एकमेकांना बोलवत होतो, चार वर्षांत पहिल्यांदा, आणि दोघांनाही वाटत होते की पक्षी बोलतो आहे. जोडीतला नर कोण आणि मादी कोण, हे मी अजून ठरवलेले नाही.

पहिली आठ वर्षे मी यात निर्दोष होतो. पुढची अकरा नाही. मेहुणा पाहुण्यांना घेऊन पलीकडे जातो, शीळ घालतो, वाट बघतो. मी कंपाउंडरकडे जातो असे सांगून अलीकडच्या काठावर जातो आणि उत्तर देतो. एकदा मी ठरवले की पुरे, आणि तीन आठवडे गेलो नाही. तो रोज संध्याकाळी येऊन पडवीत बसायचा. "आज बोलला नाही, दाजी." दुसऱ्या आठवड्यात, "काही झालं असेल का हो त्याला?" तिसऱ्या आठवड्यात काहीच म्हणेना. मी परत गेलो. उत्तर दिले त्या दिवसांची नोंद मी वहीत आडव्या रेघेने केली आहे. ऐकला. ती रेघ खोटी नाही, कारण ऐकले तर मी खरेच, पण पक्ष्याला नव्हे. म्हणून कलम तिसऱ्यातले वाक्य खोडले.

सांगून टाकायला तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. एकदा त्याच्याकडे पाहुणे होते. एकदा तो झोपला होता. तिसऱ्यांदा तो कोटाचे कापड पसरून बसला होता. पावसाळा संपला की विद्यापीठातली माणसे जाळी घेऊन येणार आहेत, चार सुरांचा दडीमार वेगळाच पक्षी आहे असे म्हणतात, सापडला तर त्याला आम्हा दोघांचे नाव देणार. त्या दिवसासाठी कोट. "दाजी, राखाडी घेऊ की तपकिरी? तपकिरी घेतो. पक्ष्याशी जुळेल." मी म्हटले, तपकिरी घे. आणि घरी आलो.

ती माणसे येतील, त्यांच्याकडे आता नवी यंत्रे आहेत, माणसाची शीळ आणि पक्ष्याची शीळ वेगळी ओळखतात. मेहुणा नव्या कोटात उभा असेल आणि सगळ्यांसमोर हे कळेल. ते मला नको आहे. आणि मी स्वतः सांगितले तर तो पुन्हा अबोला धरेल ही भीती आहे. मी चार वर्षे त्याच्याशी न बोललेला माणूस आहे. ते घर किती शांत असते ते मला माहीत आहे. म्हणून पुढचे काम माझ्या मागे व्हावे असे ठरवले. भित्रेपणा आहे. लिहून ठेवतो.

कधी कधी वाटते, त्याला कळलेले आहे. मागच्या महिन्यात म्हणाला, "पक्षी म्हातारा झाला, दाजी. शेवटचा सूर फाटतो." आणि माझ्या छातीकडे पाहिले. किंवा बटणाकडे पाहिले असेल. बटण तुटले होते.

कलम सातवे : दडीमार पक्ष्यातील माझा अविभक्त निम्मा हिस्सा, त्याच्या चारही सुरांसह, मी माझ्या मेहुण्याला देतो. उरलेला निम्मा त्याचाच आहे. म्हणजे पक्षी पुरा त्याचा.

ताब्याआधी एकच अट. त्याने कातळावर बसून चार सुरांची शीळ घालावी. थांबावे. पुन्हा घालावी. अशी तीनदा. मग कातळावर ऊन येईपर्यंत बसून राहावे. पलीकडून उत्तर आले, तर वरचे सहावे कलम एका म्हाताऱ्याचा भ्रम समजून फाडून टाकावे, मला त्याच्याइतका आनंद दुसरा नाही. उत्तर आले नाही, तर त्याने समजावे की इतकी वर्षे कोण देत होता. त्याने लगेच उठू नये. गुडघे धरून येतात, आणि उतरण ओली असते.

वह्यांच्या पेटीत एक बंद पाकीट आहे, यादीच्या कार्यालयाच्या नावाने. त्यात मी लिहिले आहे की चौथा सूर माझ्या घरातला आहे, चूक माझ्यापासून सुरू झाली, शिकणाऱ्याने शिकवले ते इमानाने घेतले, यात त्याचा दोष नाही. सोबत अडतिसाव्या ते त्रेचाळिसाव्या वहीतून उतरवलेली एकसष्ट पक्ष्यांची यादी आहे. दरी खडीवाल्याला बंद झाल्यापासून तिथे नव्याने आलेले, सगळे टिंबाचे, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले. त्यात पलीकडच्या कातळावरच्या झाडातली धनेशाची ढोली आहे, ओळीने तीन वर्षे पिल्ले उडाली, कानवाल्या बाईंचे फोटो आहेत. दडीमार खोडला गेला तरी एवढे पक्षी खडीवाल्याला पुरून उरतील असे मला वाटते. वाटते म्हणतो, खात्री नाही. मुलीने ती यादी एकदा तपासावी, बेरीज माझी चुकते.

पाकीट पाठवायचे की जाळायचे, हे मेहुण्याने ठरवावे. मी ठरवू शकलो नाही. पण माझे मत विचारले तर पाठवावे, आणि विद्यापीठवाले येण्याच्या आत, टपालाने नव्हे, स्वतः नेऊन द्यावे. कोट वाया जाणार नाही. तोच घालून जावे. स्वतःचा पक्षी स्वतःच्या हाताने खोडायला निघालेल्या माणसाच्या अंगावर चांगला कोट असावा.

त्याने माझ्यावर रागवावे. पण रागावून गप्प बसू नये. माझ्या फोटोपुढे येऊन शिव्या द्याव्यात, त्याची ताई मध्ये बसून इकडचे तिकडे सांगेल.

वरील सात कलमे मी वाचून पाहिली. खाडाखोड माझीच आहे, प्रत्येक ठिकाणी आद्याक्षर घातले आहे. साक्षीदारांनी कागद वाचलेला नाही, फक्त मला सही करताना पाहायला बसले आहेत.

ठिकाण : माझ्या घराची पुढची खोली, खिडकीजवळ.
दिनांक : नऊ ऑगस्ट, सकाळी साडेदहा. पाऊस थांबलेला, परसात तांबट दोन, खंड्या एक (टिंब).

सही. (वाकडी आहे. कारण खाली.)

जादा नोंद : मी सही करत असताना पडवीतून मेहुण्याने शीळ घातली. चार सूर. घरात आम्ही एकमेकांना अशीच हाक मारतो; अर्थ एवढाच की, झालं का? मी कागदावरचा हात न उचलता चार सुरांनी उत्तर दिले, झालं. शेवटचा फाटला. बाहेर खुर्चीची करकर थांबली. मग तो म्हणाला, "बरं."

शिंपी मान वर करून म्हणाला, "काका, डोळे मिटले तर अगदी जोडी वाटते." त्याने जे ऐकले ते त्याला त्याच्या सहीशेजारी लिहायला सांगितले आहे.

साक्षीदार पहिला, दवाखान्यातला कंपाउंडर : सही केलेली पाहिली. त्या वेळी इसम शुद्धीत होता. धाप होती. सही.

साक्षीदार दुसरा, शिंपी : सही केलेली पाहिली. शीळ ऐकली, उत्तरही ऐकले. तपकिरी कोट गुरुवारी तयार होईल. सही.